यॉट क्लबसाठी पोस्टातली ठेव मोडावी का?

प्रश्न : मी 64 वर्षांचा, पत्नी 60. सांगलीत विश्रामबागला राहतो. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो, पेन्शन 46 हजार, घरखर्च त्यात भागतो. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख आहेत, ते 14 महिन्यांपूर्वी एकाच खात्यात ठेवले. एका पतसंस्थेत 6 लाख 9 टक्क्यांनी आहेत, त्यांची मुदत 12 जानेवारी 2026 ला संपते. अडीनडीसाठी बँकेत 4 लाख. आरोग्य विमा गेल्या वर्षीच घेतला. एप्रिलअखेर एमएससी या क्रूझ कंपनीच्या जहाजाने भूमध्य समुद्रात सात रात्रींची क्रूझ करायची आहे. एजंटाने दोघांचे मिळून दोन दर दिलेत : बाल्कनीची केबिन 2 लाख 46 हजार, यॉट क्लब (जहाजातला वेगळा महागडा विभाग) 5 लाख 84 हजार. विमान, व्हिसा, विमा, हॉटेल, बंदरांवरचं फिरणं धरून आणखी अडीच लाख. पत्नीचे गुडघे दुखतात, म्हणून यॉट क्लब बरा वाटतो. पतसंस्थेचं व्याज जास्त आहे, तेव्हा पोस्टातले 6 लाख मोडावेत आणि उरलेले बँकेतून घ्यावेत असा विचार आहे. टीसीएस (परदेशी सहलीचे पैसे घेताना विक्रेता वसूल करतो तो कर) 20 टक्के लागतो असंही ऐकलं. काय करावं?

उत्तर : क्रूझला जरूर जा. पण बाल्कनीच्या केबिनने जा, आणि पैसे पतसंस्थेतून काढा. पोस्टाला आणि बँकेतल्या 4 लाखांना हात लावू नका.

आधी पोस्टाचं बघू. या योजनेच्या खात्यातून थोडीच रक्कम काढता येत नाही. मोडायचं तर अख्खं खातं बंद करावं लागतं. खात्याला एक वर्ष झालंय, दोन झालेली नाहीत, म्हणून मुद्दलाच्या दीड टक्का रक्कम कापली जाईल. 30 लाखांवर ती 45 हजार होते. 6 लाख घेतल्यावर उरलेले 23 लाख 55 हजार पुन्हा नव्या खात्यात ठेवता येतील, पण कापलेले 45 हजार गेले ते गेलेच. आता हे कशासाठी? पतसंस्थेचे 9 टक्के आणि पोस्टाचे 8.2 टक्के यांतला फरक 6 लाखांवर वर्षाला 4,800 रुपये आहे. ते वाचवायला आज 45 हजार टाकायचे, हा हिशेब कुठल्याच बाजूने बसत नाही.

दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे. बँकेतल्या ठेवींना डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं 5 लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. संस्था चांगली असेलही, पण सरकारी योजनेतले पैसे काढायचे आणि विमा नसलेले तिथेच ठेवायचे, हा क्रम उलटा आहे. जानेवारीत मुदत संपली की नूतनीकरण करू नका. क्रूझचा खर्च त्यातून करा आणि जे उरेल ते राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या मोठ्या बँकेत ठेवा. बाल्कनी धरली तर एकूण खर्च पाच लाखांच्या आसपास येतो, म्हणजे 6 लाखांत बसतो. यॉट क्लब धरला तर 8 लाख 34 हजार होतात आणि तिथूनच सगळी ओढाताण सुरू होते.

आता यॉट क्लबच्या जादा 3 लाख 38 हजारांत मिळतं काय? एमएससीचा यॉट क्लब म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, वरच्या डेकवर असलेला, किल्लीकार्डाने उघडणारा वेगळा भाग. त्यात स्वतंत्र रेस्टॉरंट, लाउंज, सनडेक आणि पोहण्याचा तलाव, चोवीस तास बटलर, चढताना वेगळी रांग, स्पाच्या थर्मल (वाफेच्या आणि गरम खोल्यांच्या) भागात प्रवेश, वायफाय आणि पेयं. सेवा उत्तम असते, यात शंका नाही. मात्र यातल्या दराचा मोठा हिस्सा दारूसह सगळ्या पेयांचा असतो. तुम्ही दोघं घेत नसाल तर तो भाग तुमच्यासाठी कॉफी, ज्यूस आणि टेबलावरच्या बाटलीबंद पाण्यापुरता उरतो. बाल्कनीत राहून याच गोष्टी सुट्या घेतल्या तर काय लागेल, ते मुद्दाम चढे अंदाज धरून मांडतो : दोघांचं वायफाय 15 हजार, थर्मल पास 20 हजार, कॉफी-ज्यूस-पाणी 12 हजार, वेगळ्या रेस्टॉरंटमधली दोन जेवणं 15 हजार. एकूण 62 हजार. म्हणजे उरलेले पावणेतीन लाखांहून जास्त रुपये तुम्ही मोठी खोली, बटलर, शांत लाउंज आणि रांग टळणं यांसाठी देणार. रात्रीला 39 हजारांच्या वर.

हे पैसे केव्हा वसूल होतात? जहाजावर दिवस काढाल तेव्हा. भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींच्या फेऱ्यांत बहुतेक वेळा पाच-सहा बंदरं आणि समुद्रातला जेमतेम एक दिवस असतो. सकाळी आठला खाली उतरायचं आणि संध्याकाळी सहाला दमून परत यायचं. रोमचं बंदर चिविटावेक्किया हे शहरापासून 70-80 किलोमीटरवर आहे. रोम बघायचं तर जाण्यायेण्यातच अडीच-तीन तास जातात. त्या दिवशी सनडेक कोण वापरणार? शिवाय बंदरांवरच्या सहली यॉट क्लबमध्येही वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. हा खर्च यॉट क्लबमध्ये धरलेलाच असतो अशा समजुतीने अनेक जण फसतात.

वहिनींच्या गुडघ्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो बाजूला सारण्यासारखा नाही. एमएससीची मोठी जहाजं सव्वातीनशे मीटरहून लांब आहेत. केबिन एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असली, तर एका जेवणासाठी जाऊनयेऊन सहाशे मीटर चालणं होतं. यॉट क्लबमध्ये खोली, जेवण, लाउंज सगळं जवळजवळ असतं, हा त्याचा मोठा फायदा. पण हाच त्रास कमी करायला साडेतीन लाख लागत नाहीत. केबिन नंबर कंपनीने शेवटी देणारं 'गॅरंटी' बुकिंग घेऊ नका. डेकचा नकाशा एजंटाकडून मागून घ्या आणि जहाजाच्या मधल्या लिफ्टजवळची, दोन-चार केबिनच्या अंतरावरची बाल्कनी नंबरासकट पक्की करा. अगदी लिफ्टसमोरची नको, तिथे रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. बुकिंगबरोबरच विशेष मदतीचा फॉर्म भरून चढता-उतरताना व्हीलचेअर मागा, लांब रांग त्यानेच टळते. विमानतळावरही व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. आणि बंदरं कोणती आहेत ते बघा : जिथे जहाज धक्क्याला लागत नाही आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर न्यावं लागतं, तिथे गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या बोटीत पाऊल टाकणं अवघड जातं. वेळापत्रकात अशा बंदरापुढे 'टेंडर' असं लिहिलेलं असतं. असं बंदर नसलेली फेरी निवडा.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. जहाज हेलकावे खातं तेव्हा ते पुढच्या टोकाला आणि वरच्या डेकवर सगळ्यांत जास्त जाणवतात, मधल्या आणि खालच्या भागात कमी. यॉट क्लब नेमका पुढे आणि वर आहे. वहिनींना घाटातल्या गाडीत मळमळत असेल, तर महागडी खोलीच जास्त त्रास देईल. दोघांनीही आजवर समुद्रप्रवास केला नसेल, तर मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या दोन-तीन रात्रींच्या फेरीने एकदा अंदाज घ्या. व्हिसा नाही, थोडक्यात काम होतं, आणि सांगलीहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठता येते.

यॉट क्लब टाळण्याचं त्याहून मोठं कारण आरोग्य विम्याचं आहे. पॉलिसी गेल्या वर्षी घेतली म्हणता. सांधेबदल शस्त्रक्रियेला पॉलिसीत बहुतेक वेळा दोन ते तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, आधीपासूनच्या आजारांनाही तीन वर्षांपर्यंत. पॉलिसीच्या कागदात तुमचा नेमका आकडा बघा. त्या मुदतीच्या आत मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर खर्च खिशातून होईल. बँकेतले 4 लाख त्यासाठीच आहेत. यॉट क्लबच्या हौसेत ते घातले तर गुडघ्यांसाठी केलेला खर्च गुडघ्यांच्याच आड येईल.

टीसीएसबद्दल तुम्ही ऐकलेलं अर्धंच खरं आहे. 2025-26 या आर्थिक वर्षात परदेशी सहलीच्या पॅकेजवर एका व्यक्तीला 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि फक्त त्यावरच्या रकमेला 20 टक्के लागतो. तुमच्या बाल्कनीवर तो 12,300 रुपये येईल, यॉट क्लबवर 29,200. नुसतं परदेशी विमानाचं तिकीट पॅकेजमध्ये धरत नाहीत, म्हणून तिकिटं वेगळी काढा. हा कर खर्चात जात नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो. पेन्शन आणि व्याज मिळून तुमचं उत्पन्न साडेआठ लाखांच्या आसपास आहे. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य, तेव्हा सगळा टीसीएस परत मिळेल, पण रिटर्न भरलं तरच. पैसे 31 मार्चच्या आत भरले तर ते जुलै 2026 च्या रिटर्नमध्ये मागता येतात. एप्रिलमध्ये भरले तर वर्षभर अडकतात. विक्रेत्याला शेवटच्या तिमाहीचं विवरण 15 मेपर्यंत द्यायचं असतं. त्यानंतर 26एएस या तुमच्या पॅनवरच्या कर-नोंदींच्या विवरणात नोंद दिसते का ते तपासा आणि विक्रेत्याकडून फॉर्म 27डी, म्हणजे टीसीएसचा दाखला, घ्या. पॅनचा एक आकडा चुकला तरी परतावा अडतो. कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का, आणि जहाजावरचा रोजचा सेवाशुल्क धरलाय का, हे दोन्ही लेखी विचारा.

पैसे भरण्याचा क्रम असा ठेवा. आता फक्त आगाऊ रक्कम, आणि तीही परत मिळणारी असेल तरच. स्वस्त योजनांत ती बुडीत असते. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क प्रत्येकी 90 युरो आणि वर सेवाकेंद्राचा आकार. शेवटचा हप्ता साधारण सुटण्याआधी 60 ते 90 दिवस द्यावा लागतो, तुमच्या बाबतीत जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर. पतसंस्थेचे पैसे 12 जानेवारीला हातात येतील. शेवटचा हप्ता देण्याआधी व्हिसा लागलेला असावा, कारण व्हिसा नाकारला म्हणून कंपनी रद्द करण्याचं शुल्क माफ करत नाही. फेरीत मॉन्टेनेग्रो किंवा तुर्कस्तानसारखं शेंगेनबाहेरचं बंदर असेल, तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, नाहीतर परत आत येता येणार नाही. दर युरोत असतो, तेव्हा एजंट कोणत्या दिवशीचा आणि कोणता रूपांतर दर लावणार तेही आधीच ठरवून घ्या.

प्रवास विमा व्हिसासाठी किमान 30 हजार युरोचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नका. जहाजावरचा दवाखाना खासगी दराने बिल लावतो आणि गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च फार मोठा असतो. एक लाख डॉलरचं आणि आपत्कालीन स्थलांतर असलेलं कव्हर घ्या. रक्तदाब, मधुमेह, गुडघ्यांचे उपचार सगळं अर्जात लिहा. लपवलेल्या आजारामुळेच दावे फेटाळले जातात.

जहाजावरच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. कंपनी खर्चासाठी रक्कम रोखून धरते आणि ती कित्येक दिवस अडकून राहते. क्रेडिट कार्ड द्या, आणि बिल रुपयांत हवं का असं विचारलं तर युरोतच घ्या.

एजंट 'सूट' (म्हणजे मोठी खोली, सवलत नव्हे) म्हणून काहीतरी मधल्या दरात देऊ करेल. एमएससीचा ऑरिया सूट हा यॉट क्लबचा भाग नाही, त्यात ते रेस्टॉरंट आणि लाउंज मिळत नाही. उलट यॉट क्लबमध्येही काही जहाजांवर खिडकी नसलेल्या खोल्या असतात. त्यामुळे दर कोणत्या वर्गाचा आणि कोणत्या खोलीचा, हे कोड नंबरासकट लिहून घ्या. सुटण्याआधी वरच्या वर्गासाठी बोली लावायचा ईमेल आला, तर लक्षात ठेवा : रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत बोलीची रक्कम दरडोई असते, म्हणजे दोघांची दुप्पट. बोली मंजूर झाली की पैसे परत नाहीत आणि खोलीची जागाही तुमच्या हातात राहत नाही. मधल्या लिफ्टजवळची केबिन मिळवून ती अशी घालवू नका.

प्रीमियम वर्गाचा अनुभव एकदा घ्यायचाच असेल, तर वहिनींचं ऑपरेशन किंवा प्रतीक्षा काळ यांतलं एक पार पडल्यावर सिंगापूरहून सुटणाऱ्या जेंटिंग ड्रीम या जहाजाच्या 'द पॅलेस' विभागाचा दर मागवा. तोही बटलर, वेगळं रेस्टॉरंट आणि तलाव असलेला विभाग आहे. रात्री कमी, विमानप्रवास छोटा आणि एकूण रक्कम आटोपशीर, म्हणून ठेव न मोडता पोस्टाच्या तिमाही व्याजातून तो खर्च जमवता येईल. 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये येतात. पेन्शनवर घर चालत असल्यामुळे त्यातले 30 हजार दर तिमाहीला, म्हणजे महिन्याला 10 हजार, वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकत राहिलात, तर दोन वर्षांत 2 लाख 40 हजार मुद्दल उभं राहतं.

एप्रिलला निघताना जहाजाच्या आदल्या दिवशीच तिकडे पोहोचा. विमान उशिरा आलं तर जहाज थांबत नाही, आणि आदल्या रात्रीच्या हॉटेलचा खर्च त्या नुकसानीपुढे काहीच नाही. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोहोचायला संध्याकाळ होते.