वाचक विचारतात : लिब्रवुल्फ सोर्सवरून कंपाइल करताना

प्रश्न : लिब्रवुल्फ या फायरफॉक्सवर आधारलेल्या, खासगीपणा जपणाऱ्या ब्राउझरची पॅकेजं तयार मिळतात. तरी सोर्सवरून (मूळ कोडवरून) कंपाइल केलं, म्हणजे चालणारा प्रोग्राम स्वतः बनवला, तर खासगीपणा वाढतो का? करायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नुसत्या कंपाइल करण्यानं खासगीपणा वाढत नाही. टेलिमेट्री (वापराची माहिती परस्पर पाठवली जाणं) बंद असणं, यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती रोखणारं एक्स्टेंशन सोबत येणं, ब्राउझर बंद करताना कुकीज पुसल्या जाणं, हे सगळं तयार पॅकेजमध्येही तितकंच मिळतं. घरी कंपाइल करण्यात मोलाची गोष्ट वेगळीच आहे : फायरफॉक्सच्या कोडवर कोणते पॅच (कोडमधले बदल) चढवलेत ते उघडून वाचता येतं आणि वाचलेलंच आपण चालवतोय याची खात्री राहते. मात्र फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण चार आठवड्यांनी येते, मधेच सुरक्षेच्या दुरुस्त्याही येतात. दर वेळी पुन्हा कंपाइल करायची तयारी नसेल तर पॅकेजच घ्या. माहीत असलेली भोकं तशीच ठेवलेला ब्राउझर, स्वतः कंपाइल केलेला असला तरी, वापरू नये.

तयारी असेल तर डिस्कवर किमान ३० जीबी मोकळी ठेवा. फोल्डरच्या पाथमध्ये कुठंही स्पेस नको. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशनही नको, तिथं लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) यांचा घोळ होतो. कोडबर्ग या कोड ठेवण्याच्या साइटवरची लिब्रवुल्फची ‘सोर्स’ रिपॉझिटरी गिट क्लोन करताना (गिटनं उतरवून घेताना) ‘रिकर्सिव्ह’ हा पर्याय द्याच. तो राहिला तर सेटिंग्जचा सबमॉड्यूल (आत जोडलेली वेगळी रिपॉझिटरी) रिकामा येतो. मग आत जाऊन क्रमानं ‘मेक डिर’, ‘मेक बूटस्ट्रॅप’, ‘मेक बिल्ड’, ‘मेक पॅकेज’. पहिली आज्ञा फायरफॉक्सचा सोर्स उतरवून त्यावर पॅच चढवते. दुसरी क्लँग, रस्ट, नोड वगैरे हत्यारं गोळा करते. ती बरीचशी होम फोल्डरमधल्या ‘.मोझबिल्ड’मध्ये जातात, म्हणून होमचं पार्टिशन वेगळं असेल तर तिथंही जागा बघून ठेवा.

प्रश्न : लॅपटॉपला ८ जीबी रॅम, ८ कोअर. बिल्ड बराच वेळ छान चालतं आणि दर वेळी ‘जीकेरस्ट’पाशी ‘सिग्नल : ९, सिगकिल’ म्हणून थांबतं. कोड बिघडलाय का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : कोड ठीक आहे, रॅम संपतेय. ‘सुडो डीमेसेज’ चालवून बघा. ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ आणि ‘रस्टसी’चं (रस्ट भाषेच्या कंपाइलरचं) नाव दिसेल. म्हणजे कर्नलनंच ती प्रोसेस मारली.

जीकेरस्ट म्हणजे फायरफॉक्समधला रस्टचा जवळजवळ सगळा कोड एकत्र येतो ती लायब्ररी. रिलीज बिल्डमध्ये तिच्यावर एलटीओ (लिंक करताना होणारं ऑप्टिमायझेशन) चालतं, म्हणजे तो सगळा ढीग एकाच प्रोसेसला एकदम हाताळावा लागतो. त्यामुळं नुसत्या ‘जे २’ (एका वेळी दोनच कामं) या पर्यायानं भागत नाही. त्यानं शेजारी चालणारी सी++ची कामं कमी होतात, पण या एका प्रोसेसची भूक तेवढीच राहते. खरा इलाज स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. १६ जीबीची स्वॅप फाइल करा, परवानगी ६०० ठेवा, मग ‘एमकेस्वॅप’ आणि ‘स्वॅपऑन’. फाइल एसएसडीवर हवी, फिरत्या हार्ड डिस्कवर बिल्ड रांगायला लागेल. क्रोम, फाइल इंडेक्सिंग वगैरे बंद करा.

पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. पॅच चढवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मॅक बिल्ड’ला (मॅक, म्हणजे mach, हे फायरफॉक्सचं बिल्डचं हत्यार) ‘जे २’ देऊन चालवा, झालेलं काम तसंच राहतं आणि पुढून सुरू होतं. पुढं लिबझुल (फायरफॉक्सची मुख्य लायब्ररी) लिंक होतानाही मेमरी एकदम वर जाते, तेव्हा स्वॅप शेवटपर्यंत चालू ठेवा. ‘मॅक क्लॉबर’ इथं मुळीच नको, त्यानं सगळं पुसलं जातं. तो आवृत्ती किंवा कंपाइलर बदलल्यावर विचित्र चुका येऊ लागल्या तर.

प्रश्न : कंपाइल झालं, पण वेबसाइटवर वेळ साडेपाच तास मागची दिसते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : बिल्ड बरोबर आहे. रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग (ब्राउझरच्या खुणांवरून ओळख पटू न देणारी सोय) चालू असलं की ब्राउझर साइटला तुमचा टाइम झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असल्याचं सांगतो, म्हणजे टाइम झोनवरून तुम्हाला ओळखता येत नाही. एखाद्या मीटिंगच्या किंवा बुकिंगच्या साइटवर अडत असेल तर ‘अबाउट प्रोफाइल्स’मधून दुसरी प्रोफाइल करा, सेटिंग्जमधल्या लिब्रवुल्फच्या पानावर तो पर्याय तिथंच बंद करा आणि त्या साइटपुरती ती वापरा.