अमेरिकी बास्केटबॉलपटू डॉन स्टेली स्वतः खेळत असतानाच कॉलेजच्या हेड कोच कशा होत्या?

मोसम वेगवेगळे होते म्हणून. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉल नोव्हेंबर ते एप्रिलची सुरुवात, तर डब्ल्यूएनबीए, म्हणजे महिलांची व्यावसायिक लीग, उन्हाळ्यात. स्टेलींनी 2000 मध्ये टेंपल विद्यापीठाचा संघ हाती घेतला आणि 2006 पर्यंत लीगमध्ये पॉइंट गार्ड (संघाचा खेळ चालवणारी खेळाडू) म्हणून खेळतही राहिल्या. ओढाताण व्हायची ती जुलैत: शाळकरी खेळाडू हेरायचे दिवस आणि लीगचे सामने एकाच वेळी.

खेळाडू म्हणून ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं (1996, 2000, 2004), पण कॉलेजचं विजेतेपद एकदाही नाही. 1991 ची फायनल त्यांच्या व्हर्जिनिया विद्यापीठाने टेनेसीकडून जादा वेळेत 70-67 अशी गमावली. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू मात्र हरलेल्या संघाची, म्हणजे स्टेलीच!

2008 मध्ये त्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या कोच झाल्या. पहिल्याच मोसमात 10 विजय, 18 पराभव. तेव्हा कॉलेजात संघ विकत घेऊन उभा राहत नसे, शाळेतल्या मुली बऱ्याच आधी हेराव्या लागत. पुढे स्टार ठरलेली खेळाडू एजा विल्सन तर त्याच परिसरातली. ती 2014 मध्ये आली आणि 2017 ला पहिलं विजेतेपद मिळालं. मग 2022, आणि 2024 मध्ये तर 38-0, म्हणजे मोसमात एकही पराभव नाही.