दापोलीत सातवीतली मुलगी आणि अकरावीतला मुलगा: कोणत्या मराठी कादंबऱ्या द्याव्यात?

मुलीला ‘श्यामची आई’ द्या, मुलाला ‘बनगरवाडी’ आणि त्यानंतर ‘गारंबीचा बापू’. शाळेच्या वाचनालयात मुलं काय संपवतात आणि काय अर्धवट परत करतात, हे मी रोज बघते. साने गुरुजींचं पालगड तुमच्याच तालुक्यातलं. पुस्तक एकेका रात्रीच्या गोष्टींत विभागलेलं आहे, त्यामुळे रोज एक रात्र वाचली की पुरे. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ लहानशी आहे, मेंढपाळांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तरची. न वाचणारी पोरंसुद्धा ती पुरी करतात! पेंडशांचा ‘बापू’ (1952) दापोलीकडचाच, बोलीही ओळखीची. फक्त त्यातले स्त्री-पुरुष संबंध मोठ्यांचे आहेत, म्हणून धाकटीला तो आत्ताच नको.