बढतीच्या गणितामुळे संशोधनाचे निष्कर्ष बदलतात का?

तुमचा प्रश्न असा: बहीण चिकोडी-निपाणीकडच्या मराठी शाळांवर पीएच.डी. करतेय, मोबाइल ॲपमुळे मुलांचं कन्नड सुधारलेलं तिला दिसलं नाही, आणि गाईड म्हणतात, "यावर पेपर होणार नाही, डेटा परत बघ." हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. मी बेळगावात संख्याशास्त्र शिकवतो, आणि डेटा घेऊन येणाऱ्या बऱ्याच पोरांची अडचण हीच असते. पण गाईड वाईटच आहेत असं लगेच धरू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांप्रमाणे थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकाला किमान ७ आणि प्राध्यापकाला १० शोधनिबंध लागतात. 'फरक पडला नाही' असा पेपर छापून आणणं अवघड, मग माणूस फरक शोधत बसतो.

त्यासाठी खोटे आकडे लिहावे लागत नाहीत. मुली वेगळ्या काढायच्या, मग फक्त पाचवी, मग फक्त खेड्यातल्या शाळा. ॲपचा काहीच उपयोग नसला तरी ५ टक्क्यांच्या कसोटीवर (म्हणजे फरक नसतानाही शंभरात पाच वेळा चुकून 'फरक आहे' म्हणणाऱ्या) अशा २० स्वतंत्र तुलना केल्या, तर निदान एक तरी निव्वळ योगायोगाने 'सिग्निफिकंट' (फरक खरा मानावा अशी) येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. पेपरात ती एकच जाते. बाकीच्या तुलना झाल्या होत्या हे वाचणाऱ्याला कळतच नाही, आणि उद्या एखादी शाळा त्या पेपरवर विसंबून पैसे खर्च करते. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण आपल्या सीमाभागातल्या मुलांवर मुळातच फार कमी अभ्यास झालाय.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तो अहवाल २०१५ साली आला. मूळ पेपरांत ९७ टक्के निकाल सिग्निफिकंट होते, पुन्हा केल्यावर जेमतेम ३६ टक्के. उलट, निकाल येण्याआधीच आराखडा बघून मासिक पेपर स्वीकारतं, तिथे चित्र वेगळं दिसतं. २०२१च्या एका तुलनेत अशा मानसशास्त्रीय पेपरांपैकी ४४ टक्क्यांतच मूळ अंदाज खरा ठरला होता. नेहमीच्या पेपरांत ९६ टक्क्यांत.

बहिणीला सांगा, मूळ निकाल आहे तसाच प्रबंधात लिही. नंतर केलेल्या तुलना 'नंतर केलेल्या' म्हणूनच, सगळ्या, दाखव. यूजीसीने २०२२च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढली आहे. तिच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र आधी बघून घ्या, आणि गाईडांशी बोलताना तो कागद हातात असू द्या.