मॅक्सिलोफेशियलला कधी बोलवायचं?

वैद्यकीय, दंत, नर्सिंग, फार्मसी, शाखा कुठलीही असो, विद्यार्थ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. आमच्याकडे, म्हणजे तोंड-जबडा-चेहऱ्याच्या सर्जनकडे, नेमकं काय पाठवायचं हेच अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून पुन्हा एकदा.

ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जन म्हणजे अक्कलदाढ काढणारे ना? (वैद्यकीय, तिसरे वर्ष)

तेही करतो. शिवाय जबड्याची, गालाच्या हाडाची फ्रॅक्चर, जबड्यातल्या गाठी, तोंडाचा कॅन्सर, दुभंगलेले ओठ आणि टाळू, जबड्याचा सांधा. तोंडावर मार लागलेल्या रुग्णाला विचारा, “दात पूर्वीसारखे जुळतायत का?” नाही म्हणाला, किंवा खालचा ओठ बधिर झालाय म्हणाला, तर साधा एक्स-रे ठीक दिसला तरी आम्हाला बोलवा. त्याआधी अर्थातच श्वास आणि मान. चेहऱ्यावरच्या रक्ताकडे सगळे धावतात आणि मानेचा कणा विसरतात.

मग कान-नाक-घसा आणि प्लास्टिक सर्जरी? रुग्ण नक्की कोणाचा?

कामं एकमेकांत मिसळतात, त्याची वाटणी आमची आम्ही करू. दात, चावा (वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) किंवा जबडा गुंतला असेल तर आम्हाला कळवा.

दाढेमुळे जबड्याखाली सूज आहे, अँटिबायोटिक चालू आहे. सूज उतरल्यावर पाठवलं तर चालेल? (नर्सिंग)

नाही! हे ‘सूज उतरू दे, मग बघू’ कोणी सुरू केलं कोण जाणे. सूज असताना दाढ काढू नये, ही ऐकीव गोष्ट आहे. पू साठलाय तो बाहेर काढायचा आणि ज्या दाढेतून आला तिचा बंदोबस्त करायचा, हा उपचार. अँटिबायोटिक त्याच्या जोडीला. नुसत्या गोळ्यांनी दुखणं दोन दिवस दबतं आणि सगळे निर्धास्त होतात.

आता आतलं गणित पाहा. खालच्या मागच्या दाढांची मुळं बहुधा तोंडाच्या तळाच्या स्नायूच्या पातळीखाली उतरतात. तिथला संसर्ग थेट जबड्याखालच्या पोकळीत जातो. तिथून जिभेखाली आणि पलीकडच्या बाजूला पसरला, की ती लुडविग्ज अंजायना. वर्णन 1836 सालचं आहे, तरी रुग्ण आजही उशिराच येतात. तोंडाचा तळ फुगतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते, श्वासाची वाट बंद होते. पू हाताला लागेलच असं नाही. दोन्हीकडे लाकडासारखी टणक सूज लागते आणि ‘अजून पिकलं नाही’ म्हणून लोक थांबतात.

तेव्हा वॉर्डात नुसता ताप लिहू नका. तोंड उघडायला सांगा; स्वतःची तीन बोटं उभी मावतात का? जीभ बाहेर येते का? लाळ गिळता येते की ओघळतेय? आवाज बदललाय का? उताणं झोपवत नाही म्हणतोय का? असं काहीही दिसलं तर त्याला बसू द्या, सीटी स्कॅनसाठी जबरदस्तीने आडवा करू नका, आणि भूलतज्ज्ञ व सर्जन दोघांना त्याच क्षणी बोलवा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. रुग्णाला मधुमेह असेल तर आणखी सावध.

जबडा उघडताना ‘टक’ आवाज येतो. ऑपरेशन लागेल? (फिजिओथेरपी)

दुखत नसेल, अडकत नसेल, तर बहुधा काहीच लागत नाही. दुखत असेल तर दाखवा.

बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो, असं रुग्णाचे घरचे म्हणतात. काय सांगावं?

तोंडातल्या व्रणाच्या बायोप्सीला या भीतीने थांबायचं काही कारण नाही, असं ठणकावून सांगा. जेल, माउथवॉश आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांत महिने घालवले, की तेवढ्यात तो खरंच पसरतो. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा, हळूहळू कमी उघडणारं तोंड: तज्ज्ञाला दाखवा. तंबाखू, सुपारीची सवय असेल तर लवकरच. नसेल तरीही दाखवा.

‘शस्त्रक्रियेविना आठवडाभरात जबडा सुबक’ अशी जाहिरात पाहिली. शक्य आहे?

मोठ्या माणसाचं हाड मसाजने किंवा पट्ट्याने सरकत नाही. फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचा भराव, घालून कडा उठावदार दिसते, चावा होता तसाच राहतो. आणि फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. जाहिरातीतला ‘आधी’चा आणि ‘नंतर’चा फोटो एकाच कोनातून, एकाच उजेडात काढलाय का, एवढं पाहा. खरा दोष असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट (दातांची ठेवण सुधारणारे) आणि सर्जन दोघांचा सल्ला घ्या. त्या उपचाराला बहुतेकदा वर्षाहून जास्त लागतं.

हाडं ठिसूळ झाल्याची औषधं चालू असताना दात काढायचाय. औषध थांबवायला सांगू का? (फार्मसी)

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरता उघडं पडण्याचा धोका असतो. पण डेनोसुमॅबचा डोस लांबवला तर मणके मोडू शकतात. औषध लिहिणारे डॉक्टर आणि दात काढणारा सर्जन यांचं आधी बोलणं होऊ द्या. तुम्ही औषधाचं नाव, किती वर्षं चालू आहे आणि शेवटचा डोस कधी, एवढं चिठ्ठीवर लिहून द्या.

या शाखेसाठी दोन्ही पदव्या लागतात का? (दंत, अंतिम वर्ष)

देशागणिक वेगळं. ब्रिटनमध्ये वैद्यकीय आणि दंत दोन्ही, भारतात बी.डी.एस.नंतर तीन वर्षांचं एम.डी.एस. प्रवेशाचे नियम बदलतात, त्या त्या परिषदेकडे विचारा.