सासूबाई, शॉवर आणि ब्लू लगून

प्रश्न : ताई, आम्ही तिघं (मी, नवरा, सासूबाई) आइसलँडला चाललोय. ब्लू लगून (तिथलं गरम पाण्याचं तळं) बघायचंच असं ठरलेलं, पण मैत्रीण म्हणाली तो झराबिरा काही नाही, पॉवर प्लांटचं वापरलेलं पाणी आहे! खरंय का? आणि आधी कपडे काढून अंघोळ करावी लागते म्हणे, ते सासूबाईंना कसं सांगू? त्यात तिथे ज्वालामुखी फुटतो, ती भीती वेगळीच.

उत्तर : मैत्रीण बरोबर सांगतेय, पण ऐकून नाक मुरडू नका. शेजारी स्वार्टसेंगी नावाचा प्लांट आहे, १९७६ पासूनचा. तिथे जमिनीखालून साधारण २४० डिग्रीचं खारं पाणी वर येतं, त्यावर वीज होते, घरं गरम ठेवायचं पाणी तापतं, आणि उरलेलं पाणी बाहेरच्या लाव्हाच्या खडकावर सोडून द्यायचे, वाटलं होतं फटींतून मुरून जाईल, पण त्यातल्या सिलिकाने (वाळूत असतं तेच खनिज) फटीच बुजवून टाकल्या आणि तळं साचलं! १९८१ च्या सुमारास सोरायसिसचा (त्वचेच्या आजाराचा) एक पेशंट त्यात उतरला, त्याला बरं वाटलं, मग लोक यायला लागले. निळा रंगसुद्धा सिलिकाचाच खेळ, ओंजळीत घ्या, दुधट पांढरं दिसेल.

अंघोळीला पर्याय नाही. पाण्यात क्लोरीन घालत नाहीत, म्हणून प्रत्येकाने आधी साबण लावून, स्विमसूट न घालता स्वच्छ व्हायचं, नियमच आहे. पण बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आणि दरवाजे असलेले शॉवरही आहेत, सासूबाईंना एवढं आधी सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी फजिती नको. पाण्यात अर्थात स्विमसूट घालूनच. बीपी असेल तर डॉक्टरांना विचारा, पाणी ३७ ते ४० डिग्री असतं, तासभर सलग बसू नका.

आता खरं महत्त्वाचं म्हणजे केस. मी म्हटलं थोडे भिजले तर काय होतंय, आणि अक्षरशः खराटा झाला, तीन दिवस कंगवा आत जाईना! तिथे कंडिशनर ठेवलेला असतो, तो भरपूर थापा, केस वर बांधा, डोकं बुडवू नका. अंगठ्या, चेन लॉकरमध्येच.

ज्वालामुखीची भीती मात्र उगाच नाही. १० नोव्हेंबर २०२३ ला जवळचं ग्रिंडाविक गाव रातोरात रिकामं केलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तर लाव्हा लगूनच्या पार्किंगवरच आला. भोवती मातीचे उंच बांध घातलेत, धोका दिसला की सगळ्यांना बाहेर काढून बंद करतात. तेव्हा बुकिंग करा, पण परतीच्या दिवसावर ढकलू नका. केफ्लाविक एअरपोर्टपासून गाडीने वीसेक मिनिटं, म्हणून सगळे तोच दिवस धरतात आणि नेमकं तेव्हा बंद असलं की हात चोळत बसतात. पहिल्या एक-दोन दिवसांत जा, बंद निघालं तर पुढे दुसरा दिवस हाताशी राहतो.

सासूबाई एकदा पाण्यात बसल्या की बाहेर यायचं नाव घेणार नाहीत, बघा.