जुन्या ओट्याला नवं रूप, तेही कमी खर्चात

प्रश्न: लॅमिनेटच्या ओट्यावर ओरखडे पडले आहेत, रंगही उडाला आहे. नवा बसवणं परवडत नाही. वरून रंग दिला तर टिकेल का?

उत्तर: टिकेल, पण आधी सिंकच्या भोवती आणि पुढच्या कडेला अंगठ्याने दाबून बघा. पृष्ठभाग फुगलेला किंवा मऊ लागला तर आतल्या भुशाच्या बोर्डात पाणी मुरलंय. तो पुन्हा सपाट होत नाही. रंगाचे पैसे वाया जातील.

बोर्ड टणक असेल तर सगळी मेहनत तयारीवर करा. रंगाचे पापुद्रे निघतात ते बहुधा राहिलेल्या तेलकटपणामुळे. सांध्यांतलं जुनं सिलिकॉन (फट बुजवणारा रबरासारखा थर) ब्लेडने पूर्ण खरवडा, कारण त्यावर रंग धरतच नाही. भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा. वाळल्यावर शेगडी बंद आणि खिडक्या उघड्या ठेवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोल ओरखडे इपॉक्सी पुट्टीने भरा. मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंतच घासा (तोंडाला मास्क हवाच). नक्षीखालचा तपकिरी थर दिसू लागला, तर हात जड पडला.

गुळगुळीत पृष्ठभागाला धरणाऱ्या प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन आणि वर पारदर्शक पॉलियुरेथेन वार्निशचे दोन-तीन हात द्या. सगळे पातळ, फोमच्या रोलरने. जाड हात वरून सुकतो, आत ओला राहतो आणि नखानेही निघतो. हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर ओलं फडकं टाकून ठेवू नका. गरम पातेलं मात्र नंतरही थेट टेकवायचं नाही, आणि चिरायला पाट घ्यायचा.

प्रश्न: ग्रॅनाइटच्या ओट्यावर शेगडीजवळ तेलाचे काळपट डाग आहेत. रंगवावा का?

उत्तर: ग्रॅनाइट रंगवू नका, डाग काढता येतात. खाण्याच्या सोड्यात पाणी घालून दाटसर लेप करा, डागावर अर्धा सेंटीमीटर जाड थापा, प्लास्टिकने झाका आणि कडा चिकटपट्टीने बंद करा. 24 तासांनी प्लास्टिक काढून लेप आपोआप वाळू द्या. लेप वाळताना तेल वर ओढतो, म्हणून घाईने ओला पुसला तर फायदा नाही. जुन्या डागाला दोन-तीन फेऱ्या लागतात.

मग पाण्याचे थेंब 10 मिनिटं ठेवून पुसा. खाली गडद ठिपका राहिला तर दगड पाणी पितोय, त्याला सीलर, म्हणजे आत मुरून पाणी अडवणारं द्रव, हवं. ओटा एक दिवस कोरडा ठेवून सीलर लावा आणि डब्यावर दिलेल्या वेळेत उरलेलं पुसून घ्या. तसंच सुकू दिलं तर चिकट, धुरकट थर बसतो. तसं झालंच, तर थोडं ताजं सीलर लावून चोळा आणि लगेच पुसा. संगमरवराचा ओटा असेल तर लिंबू आणि व्हिनेगर लांबच ठेवा. आम्लाने त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि ते डाग लेपाने जात नाहीत.

प्रश्न: सिंकच्या कडेची काळी रेघ घासूनही जात नाही.

उत्तर: बुरशी सिलिकॉनच्या आत शिरलीय. ते पूर्ण काढा, फट रात्रभर वाळू द्या आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरा. त्यानंतर 24 तास पाणी लागू देऊ नका. ओटा रंगवणार असाल, तर जुनं आधी काढा, पण नवं सिलिकॉन भरणं रंग झाल्यावर सर्वांत शेवटी.